अक्का वर गेली

पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात त्या सकाळी बेचाळीस पेशंट होते आणि सिस्टर दोन. एक अक्का, दुसरी चिमणी.

अक्का हे काही तिचं खरं नाव नव्हे. सत्तावीस वर्षांपूर्वी ती नोकरीला लागली तेव्हा वॉर्डात सगळ्यांत लहान तीच होती, आणि तरीही पहिल्याच आठवड्यात तिने एका मोठ्या डॉक्टरांना आधी हात धुऊन या, मग पेशंटला हात लावा, असं सांगितलं होतं. "आल्या बघा अक्का!" असं कुणीतरी चिडवायला म्हटलं आणि ते तिला चिकटलं. आता बावन्नाव्या वर्षी ते नाव तिला बरोबर मापाचं झालं होतं. चिमणीचा आवाज बारीक, बांधा बारीक, आणि ती चालायची म्हणून नाहीच, या कॉटवरून त्या कॉटकडे टुणकन जायची. दीड वर्षापूर्वी शिकून बाहेर पडली ती थेट अक्काच्या हाताखाली आली. सलाइन कसं लावायचं ते तिला कॉलेजात शिकवलं होतं. सलाइन लावताना कॉटभोवती जमलेल्या आठ नातेवाइकांना न भांडता दाराबाहेर कसं काढायचं, ते अक्काने शिकवलं.

वॉर्डातल्या वस्तूंना आपापले स्वभाव होते. बी.पी.च्या यंत्राचा पट्टा चिकटायचा बंद झाला होता, म्हणून तो दर वेळी बँडेजने बांधावा लागे. औषधांच्या ट्रॉलीचं पुढचं चाक डावीकडे ओढायचं, त्यामुळे दर आठ-दहा पावलांनी तिला कमरेने धक्का द्यायचा. बोटाला लावून ऑक्सिजन बघायचं यंत्र वॉर्डाला एकच, आणि ज्याला हवं असेल त्याच्यापासून ते नेहमी वीस कॉट लांब. या तिन्हींबद्दल अक्काने स्टोअरला अर्ज दिले होते. स्टोअरने कळवलं होतं की जुनी वस्तू जमा केल्याशिवाय नवी मिळणार नाही, आणि नवी कधी येईल ते आत्ता सांगता येणार नाही. म्हणजे मधल्या काळात बी.पी. चेहरा बघून ओळखायचं.

"सिस्टर, पंखा." "सिस्टर, चादर." "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" "सिस्टर, आमच्याकडे कुणी बघतच नाही." हे शेवटचं वाक्य अक्काच्या कानावर दिवसातून पंधरा वेळा पडायचं, आणि त्याचा राग यावा तर तेही धड जमत नव्हतं, कारण ते खोटं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी पाऊण वाजता बारा नंबरचे आजोबा गेले. अठरा दिवस होते ते. रोज सकाळी म्हणायचे, "सिस्टर, तुमचा आवाज आला की दिवस उजाडल्यासारखं वाटतं." जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांची मुलगी पायाशी बसून त्यांचे तळवे धरून होती. अक्काने नाडी बघितली, डॉक्टरांना बोलावलं, पडदा ओढला. आणि पडदा ओढता ओढता तिच्या मनात पहिलं काय आलं, तर आता चार फॉर्म भरायचे, डबा राहणार, आणि दोनच्या आत ही कॉट पुन्हा भरणार.

तिचा हात पडद्यावरच थांबला. मुलगी रडत होती. अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तो हात अगदी बरोबर फिरत होता, सत्तावीस वर्षांच्या सरावाने. आतून मात्र काहीच हललं नाही.

ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. पण चार दिवसांनी मेट्रन मॅडमनी तिला वर बोलावलं, तेव्हा तिने जे उत्तर दिलं त्याच्या मागे तो पडदा होता.

मेट्रनचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, वॉर्डापासून दोन जिने. मॅडम अक्काला दहा वर्षांनी सीनियर. एके काळी दोघींनी एकत्र पाळ्या केलेल्या. त्यांनी अक्काला बसायला सांगितलं, हेच आधी नवल.

"माझ्या हाताखालची जागा रिकामी होतेय. असिस्टंट मेट्रन. सगळ्या वॉर्डांच्या ड्युट्या लावायच्या, रजा बघायच्या, फोन घ्यायचे. रोज दिवसाची पाळी, रविवारी सुट्टी. शुक्रवारपर्यंत अर्ज दे."

"मॅडम, मला टेबलावरचं काम जमेल का?"

"तुझे गुडघे काय म्हणतात?"

गुडघे काय म्हणतात ते जिना चढताना दोघींनीही ऐकलं असतं. अक्काने अर्ज तिथेच बसून भरला.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो पोस्टात पत्रं वेगळी करायच्या विभागात होता. आयुष्यभर ज्याचं त्याला पोचवायचं काम, त्यामुळे बोलणंही तसंच मोजकं आणि पत्त्यावर जाणारं. त्याने तिच्या गुडघ्याला मलम चोळता चोळता ऐकून घेतलं.

"खुर्ची मिळतेय तर बस की."

"अहो, पण तिथे पेशंट नसतात."

"मग ते चांगलं की वाईट?"

"मलाच कळत नाहीये."

"तर मग बसून कळू दे. उभ्याने सत्तावीस वर्षांत नाही कळलं." त्याने मलमाचं झाकण लावलं. "आणि आता माझ्या घरात साहेब आहे म्हटल्यावर उद्यापासून चहा मी करायचा की तू, तेवढं मात्र आत्ताच ठरव."

वॉर्डात बातमी चिमणीने फोडली. "अक्का वर जाणार!" असं ती बारीक आवाजात सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडली आणि आठ नंबरच्या पेशंटने घाबरून विचारलं, "का हो? काय झालं त्यांना?" दिवसभर तोच विनोद चालला. निघताना चिमणीचे डोळे भरून आले. "अक्का, आता मी कुणाला विचारायचं?" अक्का म्हणाली, "फोन आहे ना वर. मीच उचलणार तो."

पहिला आठवडा सुखाचा गेला. खुर्चीला हात होते, पाठीला उशी होती. एक वाजता डबा उघडायचा आणि सलग खायचा, मध्ये न उठता. तिसऱ्या दिवशी अक्काच्या लक्षात आलं की आपण जेवताना अजूनही एक कान दाराकडे ठेवतो. संध्याकाळी चपला काढल्या तर पायांवर पट्ट्यांचे वळ नसायचे. भिंतीवर मोठा फळा होता, त्यावर वॉर्डांचे चौकोन आणि प्रत्येक सिस्टरच्या नावाची चिठ्ठी, टाचणीने लावलेली. चिठ्ठी इथून काढायची, तिथे लावायची. चिठ्ठ्या कमी आणि चौकोन जास्त, एवढंच काय ते.

मग फोन अंगावर यायला लागले. "अक्का, मुलांच्या वॉर्डात एकच सिस्टर आहे." "अक्का, हिला चक्कर आली, घरी पाठवतेय, बदली द्या." "अक्का, मी तीन महिने रजा मागतेय." सुरुवातीला ती खरं ते सांगायची, "माणूस नाही गं." त्यावर पलीकडून वाद व्हायचा, रडणं व्हायचं, एकदा तर फोन आपटला गेला. मॅडम आपल्या टेबलावरून ऐकत होत्या.

"नाही म्हणू नकोस," त्या म्हणाल्या. "बघते म्हणायचं."

"पण बघायला आहे काय?"

"काही नाही. पण नाही म्हटलं की भांडण तुझ्याशी होतं. बघते म्हटलं की समोरची वाट बघते, आणि वाट बघता बघता पाळी संपते. मी अकरा वर्षं हेच केलंय. तू खाली होतीस तेव्हा मी तुला किती वेळा बघते म्हटलंय, आठव."

अक्काने आठवलं. बरेचदा. आणि दर वेळी तिला वाटलं होतं की वर कुणीतरी खरंच बघतंय.

दुसऱ्या महिन्यापर्यंत बघते हा शब्द तिच्या तोंडून आपोआप यायला लागला, जसा पूर्वी पेशंटला सुई टोचताना 'जरासं दुखेल हं' यायचा. एकदा घरी नवऱ्याने विचारलं, मीठ कुठंय, तर ती म्हणाली, "बघते." आणि जागची हलली नाही. नवरा हसला. तिला हसू आलं नाही.

चौथ्या महिन्यात नव्या इमारतीचं उद्घाटन ठरलं. मोठे पाहुणे येणार होते. वरून निरोप आला की दारात दोन्ही बाजूंना मिळून सहा सिस्टर हव्यात, कडक इस्त्रीचे गणवेश, हातात फुलांचे गुच्छ. मॅडमनी सहा नावांची यादी अक्काच्या पुढ्यात टाकली. उंची बघून निवडलेली नावं होती. त्यातलं एक अक्काच्या जुन्या वॉर्डातलं, चिमणीबरोबर सकाळच्या पाळीला असलेल्या सिस्टरचं.

"मॅडम, ही गेली तर खाली चिमणी एकटी राहील."

"साडेदहा ते बारा. दीड तासाचा प्रश्न आहे. फळ्यावरून चिठ्ठी काढू नकोस, कागदावर ती वॉर्डातच राहू दे. कार्यक्रम ही काही ड्युटी नाही."

"आणि दीड तासाचे तीन झाले तर?"

मॅडमनी चष्मा काढला, डोळे चोळले. त्यांचे डोळे सुजलेले होते. तीन दिवस त्या मंडपवाल्यांपासून माइकवाल्यांपर्यंत सगळ्यांचे फोन घेत होत्या, आणि यातलं काहीच त्या नर्सिंग शिकल्या तेव्हा पुस्तकात नव्हतं. "मला वरून फोन येतात, अक्का. तुला खालून येतात. एवढाच आपल्यात फरक आहे."

पावणेअकराला चिमणीचा फोन आला.

"अक्का, मी एकटी आहे. चव्वेचाळीस पेशंट आहेत. दोन नवे आत्ताच आलेत, एकाला दम आहे. कुणाला तरी पाठवा ना."

अक्काने फळ्याकडे बघितलं. जुन्या वॉर्डाच्या चौकोनात दोन चिठ्ठ्या नीट टाचलेल्या होत्या.

"बघते," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं, आपणच जावं तासभर. दोन जिने तर आहेत. ती उठलीसुद्धा. तेवढ्यात मॅडम दारातून म्हणाल्या, "मी खाली मंडपात आहे, तू फोन सोडून कुठे जाऊ नकोस, पाहुणे निघालेत." आणि अक्का पुन्हा बसली. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला तिथे बघायची. अर्धवट उठलेली, हात खुर्चीच्या हातांवर, आणि मग बसलेली. कुणी ढकललं नव्हतं.

पाहुणे उशिरा आले. फीत कापायला साडेबारा वाजले, भाषणं दीडपर्यंत चालली.

खाली काय झालं ते असं. जेवणाआधी इन्शुलिन द्यायचं होतं. अठरा नंबरच्या पेशंटला होतं, एकोणीसच्या नाही. पण अठरावरचा पंखा चालत नव्हता, आणि अठरा नंबरच्या माणसाला घाम फार यायचा, म्हणून दोघांनी अकराच्या सुमाराला आपसात कॉटा बदलल्या होत्या. विचारायला वॉर्डात कुणी मोकळं नव्हतंच. एरवी चिमणी नाव विचारल्याशिवाय सुई टोचायची नाही, अक्काने तिला तेवढं तरी पक्कं शिकवलं होतं. त्या दिवशी एकीकडे दमेकऱ्याचा ऑक्सिजन, एकीकडे सलाइन संपलेला माणूस हाका मारतोय, दारात कुणाचातरी मुलगा 'तुमची तक्रार करतो' म्हणून उभा, आणि हातात भरलेली सिरिंज. तिने कॉटचा नंबर बघितला आणि टोचलं.

चाळीस मिनिटांनी त्या कॉटवरचा माणूस घामाने भिजला आणि बायकोला भलत्याच नावाने हाका मारायला लागला. बायको किंचाळली. चिमणी धावली, साखर तपासली, आणि त्या क्षणी तिला सगळं कळलं. तिने ग्लुकोज चढवलं, डॉक्टरांना बोलावलं, आणि सगळ्यांसमोर, बायकोसमोरसुद्धा, म्हणाली, "माझ्या हातून चूक झाली. मी यांना दुसऱ्याचं इंजेक्शन दिलं." अर्ध्या तासाने माणूस उठून बसला आणि जेवायला मागायला लागला. चिमणीने रिपोर्टच्या वहीत सगळं वेळेसकट लिहून काढलं. तिने सांगितलं नसतं आणि लिहिलं नसतं तर कुणालाही कळलं नसतं. अशक्तपणाने घाम आला म्हणून गोष्ट मिटली असती.

अक्का खाली पोचली तेव्हा दोन वाजले होते. चिमणी औषधांच्या खोलीत स्टुलावर बसली होती. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर, जणू ते हात कुणी तिच्याकडे ठेवायला दिलेत.

"अक्का, मी नाव विचारलं नाही."

"माहीतय."

"तुम्ही बघते म्हणालात. मला वाटलं, येईल कुणीतरी. मी दाराकडे बघत होते मधून मधून."

अक्काने सिंकजवळ जाऊन ग्लास धुतला, पाणी भरलं आणि चिमणीच्या हातात दिला. चिमणीने तो तसाच धरून ठेवला.

तीन जणांची चौकशी समिती बसली. चिमणीला मेमो निघाला: निष्काळजीपणा, पेशंटच्या जिवाला धोका, खुलासा करा. समितीने त्या दिवशीच्या ड्युटीच्या कागदाची प्रत मागवली. तो कागद अक्काच्या अक्षरातला होता. त्यात त्या वॉर्डापुढे दोन सिस्टर लिहिल्या होत्या. दोन सिस्टर असताना अशी चूक झाली म्हणजे ती चिमणीची, दुसऱ्या कुणाची नाही, इतकं ते सरळ होतं.

"आहे तसा दे," मॅडम म्हणाल्या. "आपण काही खाडाखोड करत नाही आहोत. आहे तसा."

अक्काने कागद टेबलावर ठेवला आणि बराच वेळ बघत बसली. तिला शौर्य वगैरे काही वाटत नव्हतं, फक्त फार दमल्यासारखं वाटत होतं. या खुर्चीत पाय दुखत नाहीत, याची तिला चार महिन्यांत सवय झाली होती आणि ती सवय सोडायची भीती वाटत होती. सहा वर्षं राहिली होती निवृत्तीला. सहा वर्षं बघते म्हणत सहज निघाली असती.

तिने पेन उघडलं आणि कागदाच्या तळाशी लिहिलं: 'यातली दुसरी सिस्टर सकाळी साडेदहा ते दुपारी दोन कार्यक्रमाला गेली होती. वॉर्डात चव्वेचाळीस पेशंटना एकच सिस्टर होती. तिने मला पावणेअकराला फोनवर तसं कळवलं. मी कुणालाही पाठवलं नाही आणि स्वतः गेले नाही.' खाली सही, तारीख.

मॅडमनी वाचलं. चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं.

"तू काय लिहिलंयस ते कळतंय का तुला?"

"फोन मला आला होता, मॅडम."

"यादी मी दिली होती. ते लिहिलं नाहीस."

"ते तुमचं. तुम्हाला लिहावंसं वाटलं तर तुम्ही लिहा."

मॅडमनी कागद पाकिटात घातला, पाकीट बंद केलं. नंतर समितीसमोर त्यांनी काय सांगितलं ते अक्काला कधीच कळलं नाही. एवढं खरं की चिमणीची नोकरी वाचली. मेमोची नुसती लेखी समज झाली. अक्काला पत्र मिळालं की नव्या पदासाठी तिची तयारी अपुरी दिसते, तेव्हा तिला त्या पदावर कायम करता येत नाही. मॅडमना काहीही झालं नाही. त्यांनीच ते पत्र अक्काला दिलं, उभ्याने.

"तू मला वाचवलंस का अडकवलंस, मला अजून समजलेलं नाही," त्या म्हणाल्या. मग चष्मा पुसत, "परत वॉर्ड घे तुझा. मी बोलते."

अक्का म्हणाली, "दोन दिवस द्या."

वॉर्डात ती त्याच दुपारी गेली, विचारायला म्हणून नाही, चिमणीला भेटायला. चिमणी ट्रॉली ढकलत होती, चालत. तिने अक्काला बाजूला घेतलं.

"मी राजीनामा दिलाय, अक्का. एक तारखेपासून विम्याच्या कंपनीत. पेशंटच्या फायली तपासायच्या, बसून. माझ्या बॅचच्या तिघी आधीच आहेत तिथे."

"बरं."

"रागावलात?"

"नाही गं."

"मला थांबवणार पण नाही?"

अक्काच्या तोंडावर आलं होतं की तुझ्यासारखी चांगल्या हाताची मुलगी गेली तर इथे कोण राहील. ते अगदी खरं होतं. पण याच वाक्याने तिला स्वतःला तीनदा थांबवलं होतं, वेगवेगळ्या मेट्रननी, आणि थांबल्यावर दुसरी सिस्टर काही आली नव्हती.

"तुझ्या मनात काय आहे ते सांग," ती म्हणाली.

"इंजेक्शन देताना नाव तीन-तीनदा विचारते अजून. ते जाईल, डॉक्टर म्हणाले. पण अक्का, समितीत मला पन्नास प्रश्न विचारले. एकानेही विचारलं नाही, की अगं तू एकटी कशी होतीस? कुणाला त्याचं नवलच वाटलं नाही." तिचा बारीक आवाज चिरकला. "मला चुकीची भीती नाही वाटत. ह्याची वाटते."

"जा," अक्का म्हणाली. "चांगलं कर तिथे. आणि फायलींत एखादी अशीच एकटी सिस्टर सापडली, तर शेजारी लिही, एकटी होती म्हणून."

चिमणीने अक्काच्या खांद्यावर डोकं टेकवलं, नाक पुसलं आणि सतरा नंबरकडे गेली, कारण सतरा नंबर केव्हाचा हाका मारत होता.

घरी आल्यावर नवऱ्याने मलम काढलं. अक्का म्हणाली, "त्याची गरज नाही, चार महिने बसूनच होते."

"उद्यापासून लागेल असं दिसतंय तोंडावरून."

"अहो, मी चुकले का?"

"कधी? बसलीस तेव्हा, का उठलीस तेव्हा?"

"दोन्ही."

पत्ता नीट लिहिलेला नसला की पत्र दिव्याजवळ धरून बघतात, तसं त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. "त्या दिवशी जिना उतरायला हवा होतास," तो म्हणाला. "बाकीचं तुझं मला काही चुकलेलं दिसत नाही." हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिला लागलं असतं. त्याने म्हटलं तेव्हा तिला प्रथमच रडू आलं, आणि मनसोक्त आलं. बारा नंबरच्या आजोबांचंसुद्धा तेव्हाच येऊन गेलं.

तिने वॉर्ड घेतला नाही. नोकरीही सोडली नाही. तळमजल्यावर मागच्या बाजूला डायलिसिसचा विभाग होता, तिथे कुणी जायला तयार नसायचं, कारण तिथून पुढे कुठलीच बढती नव्हती. आठ खुर्च्या, आठ यंत्रं, दोन सिस्टर. अक्काने मॅडमकडे तो मागितला.

"ही खाली जायची वाट आहे, अक्का."

"आठ माणसं आहेत, मॅडम. आठ मला मोजता येतात. चव्वेचाळीस नाही."

मॅडमनी सही केली.

तो काही स्वर्ग नव्हता. पहिल्याच आठवड्यात पाणी शुद्ध करायचं यंत्र दोनदा बंद पडलं आणि माणसं दोन तास ताटकळली. दुसरी सिस्टर आठवड्यातून एकदा कुठेतरी 'जरा तासाभरासाठी' नेली जायचीच; तेव्हा अक्का फोन उचलून सांगायची, की मग मी नवी चार माणसं यंत्रावर घेत नाही, तुम्ही येऊन त्यांना सांगा. दोनदा वरून कुणी आलं नाही, आणि दोनदा सिस्टर परत आली. संध्याकाळी पाय दुखायचे.

पण माणसं तीच असायची. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. कुणाला डाव्या हाताला सुई चालत नाही, कुणाला चादर छातीपर्यंत लागते, कुणाचं वजन दर सोमवारी दोन किलोने का वाढतं, हे तिला महिनाभरात पाठ झालं. सहा नंबरच्या खुर्चीत एक शिंपी असायचा, काम सोडलेला, पण अजून प्रत्येकाच्या कपड्याची शिवण तपासणारा. तिच्या गणवेशाचा खांदा अर्धा इंच उतरतोय, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

एका दुपारी सुई लावता लावता त्याने विचारलं, "सिस्टर, तुम्ही किती दिवस इथे?"

"का?"

"मला अडीच वर्षं झाली. तेवढ्यात पाच सिस्टर गेल्या. ओळख होते आणि जातात. म्हणून आधीच विचारून ठेवतो."

"सहा वर्षं आहेत माझी अजून."

शिंप्याने मान हलवली, बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. "म्हणजे माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त टिकाल."

अक्काने चिकटपट्टी कापायला घेतली. शिंपी तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि मग तोच आधी हसला, खोकला येईपर्यंत हसला; शेजारच्या खुर्चीतल्या बाईही हसल्या, आणि अक्का पट्टी चिकटवता चिकटवता हसायला लागली. तेवढ्यात तीन नंबरचं यंत्र वाजलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, तिकडे गेली, नळी कुठे दबलीय ते बघितलं आणि मोकळी केली.